तिसरी-चौथीच्या मुलांसाठी गोष्टींची पुस्तके हवी आहेत. कपाटात काय भरावे?

तापीकाठचा शिक्षक

नमस्कार. जळगाव जिल्ह्यातील चोपडा तालुक्यात, तापीपासून फारशा दूर नसलेल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी तिसरी आणि चौथी हे दोन्ही वर्ग एकाच खोलीत शिकवतो. दोन्ही वर्गांचा मिळून पट ३१ आहे. यंदा गावातल्या माजी विद्यार्थ्यांनी आपसांत वर्गणी काढून शाळेला ६,००० रुपये दिले आणि ‘मुलांसाठी फक्त गोष्टींची पुस्तके घ्या, दुसरे काही नको’ अशी अट घातली. अट मला मनापासून आवडली. पण कोणती पुस्तके घ्यायची हा प्रश्न मात्र माझ्या एकट्याच्या गळ्यात पडला आहे.

शाळेत पुस्तके नाहीत असे नाही. दोन वर्षांपूर्वी एक विक्रेता गाडी घेऊन आला होता आणि संस्कारकथांचा ५० पुस्तिकांचा संच देऊन गेला. कागद गुळगुळीत, मुखपृष्ठ चकचकीत. आत प्रत्येक गोष्ट दीड पानाची आणि तिच्याखाली चौकटीत तात्पर्य. एका पुस्तिकेत कोल्ह्याच्या गोष्टीला लांडग्यासारखे काहीतरी चित्र होते आणि ‘स्वार्थी’ हा शब्द तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी छापला होता. त्याचे मला फारसे वाटले नाही. पण चौथीतल्या एका मुलाने त्यातली गोष्ट वाचून संपवली, पुस्तक मिटले आणि मला विचारले, ‘‘सर, तात्पर्य वहीत लिहायचं का पाठ करायचं?’’ गोष्टीबद्दल त्याने एक शब्दही काढला नाही. तेव्हापासून तो संच कपाटात पडून आहे आणि १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाच्या छायाचित्रापुरता, बाहेर निघतो.

माझ्या अडचणी दोन आहेत. एक म्हणजे वाचनाची पातळी. नऊ-दहा मुले सफाईने वाचतात, तितकीच जोडाक्षर आले की अडतात आणि उरलेली अजून अक्षराला अक्षर जोडत आहेत. दुसरी अडचण भाषेची. गावातली बहुतेक मुले घरी अहिराणी बोलतात, तर सातपुड्यातून शेतमजुरीसाठी आलेल्या पावरा कुटुंबांतील सहा मुले घरी पावरी बोलतात. पुस्तकातली मराठी या सगळ्यांना थोडी पाहुणीच वाटते. मला चरित्रे, सामान्यज्ञान, विज्ञानप्रयोग यांची पुस्तके या पैशांत घ्यायची नाहीत. केवळ कथा हव्यात. काय घ्यावे आणि काय घेऊ नये, हे अनुभवी मंडळींनी सांगितल्यास आभारी राहीन.

जुना ग्रंथपाल, अमळनेर

सर, माजी विद्यार्थ्यांना माझा नमस्कार सांगा. मी २९ वर्षे एका सार्वजनिक वाचनालयाच्या बालविभागात काम केले आहे, त्यामुळे सांगतो ते सगळे काउंटरच्या अलीकडे बसून पाहिलेले आहे.

पुस्तके इयत्तेप्रमाणे घेऊ नका. चौथीतल्या अडखळत वाचणाऱ्या मुलाच्या हातात चौथीचे म्हणून ९० पानांचे पुस्तक दिले, तर तो ते दोन दिवस दप्तरात बाळगतो आणि ‘वाचलं’ म्हणून परत आणून देतो. त्याला खोटे बोलायला आपणच शिकवलेले असते. अशा मुलांसाठी आधी अजिबात मजकूर नसलेले किंवा पानाला एक-दोन ओळी असलेले पुस्तक हवे. माधुरी पुरंदरे यांचे ‘चित्रवाचन’ माझ्या विभागात सर्वांत जास्त फाटलेले पुस्तक होते. त्यात मोठमोठी गजबजलेली चित्रे आहेत, आणि ज्याला वाचता येत नाही तोही त्यांवरून तासभर गोष्ट सांगू शकतो. पाच मुले एका पुस्तकाभोवती डोकी लावून बसतात आणि ‘हा माणूस कुठं चालला असेल’ यावर भांडतात. हे भांडण म्हणजेच कथावाचनाची सुरुवात, असे मी मानतो.

त्याच लेखिकेची ‘राधाचं घर’ आणि ‘यश’ या मालिकांतली पुस्तके अक्षराला अक्षर जोडणाऱ्या मुलांसाठी घ्या. वाक्ये लहान आहेत, पण बाळबोध नाहीत. घरातली माणसे खऱ्या घरातल्यासारखी बोलतात आणि शेवटी कोणी उपदेश करत नाही. ‘बाबांच्या मिश्या’ हे पुस्तक तर मोठ्याने वाचण्यासाठीच आहे. ज्या वर्गात ते वाचाल, तिथे दुसऱ्या दिवशी निम्म्या मुलांच्या ओठांवर पेनाने काढलेल्या मिश्या दिसतील, एवढी तयारी ठेवा. यांच्या जोडीला नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय या मालिकेतली मराठी पुस्तके घ्या. ती स्वस्त असतात, चित्रे चांगल्या चित्रकारांची असतात आणि सहा हजारांत तुम्हाला संख्याही हवीच आहे.

पैसे पुरले नाहीत तर प्रथम बुक्सचे ‘स्टोरीवीव्हर’ हे संकेतस्थळ पाहा. तिथे मराठी गोष्टी चार वाचनपातळ्यांत लावलेल्या आहेत आणि त्यांचा परवानाच असा आहे की त्या मोफत उतरवून छापता येतात. झेरॉक्सच्या दुकानात रंगीत प्रती काढून मध्ये शिवण घातली की काम झाले. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१पासून निघते आणि त्याचे जुने अंकही संगणकावर मोफत वाचता येतात. मात्र ते तुमच्या सफाईने वाचणाऱ्या नऊ-दहा जणांसाठी.

विकत घेताना एक परीक्षा करा. पुस्तक मधूनच उघडून एक पान वाचा. त्या पानावर पुढे काय होईल याची तुम्हाला स्वतःला उत्सुकता वाटली नाही, तर ते मुलांसाठी घेऊ नका. चित्राकडेही नीट पाहा. मजकुरात ‘मांजर झाडावर चढले’ असेल आणि चित्रात फक्त झाडावर चढलेले मांजर असेल, तर चित्रकाराने कष्ट घेतलेले नाहीत.

आणि कृपा करून पुस्तके कपाटात उभी लावू नका. या वयाची मुले पुस्तकाचा कणा वाचत नाहीत. ती मुखपृष्ठ पाहतात, पुस्तक उलटे करून मागची बाजू पाहतात, मग चित्रे किती आहेत ते चाळतात आणि शेवटी गुपचूप पाने मोजतात. भिंतीला सुतळी बांधा आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी पुस्तके मुलांच्या हाताला येतील अशी टांगा. पुस्तके फाटतील, फाटू द्या.

धुळ्याची वाचक आई

ग्रंथपालकाकांनी पायाचे सांगितले आहे. मी सफाईने वाचणाऱ्या मुलांबद्दल सांगते. माझी मुलगी आता पाचवीत आहे आणि गेली दोन वर्षे आमच्या घरात हाच प्रयोग चालू आहे.

दिलीप प्रभावळकर यांचे ‘बोक्या सातबंडे’ डोळे मिटून घ्या. या पुस्तकाला २०११ सालचा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला आहे, पण मुलांना त्याच्याशी काही देणेघेणे नसते. बोक्याची प्रत्येक कथा स्वतंत्र असल्यामुळे वर्गात एका बैठकीत एक गोष्ट संपते, हा शाळेच्या दृष्टीने मोठा फायदा आहे. त्यानंतर भा. रा. भागवत यांचा फास्टर फेणे. मालिका मोठी आहे, तेव्हा सगळी एकदम घेऊ नका. दोन-तीन भाग घ्या आणि कोणत्याही भागापासून सुरुवात करा. फुरसुंगीचा हा काडीपैलवान पोरगा सायकलवरून संकटात शिरतो आणि काही सुचले की तोंडाने ‘ट्टॉक्’ असा आवाज काढतो. माझ्या मुलीने हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा ती थांबली, दोन-तीन वेळा जीभ टाळ्याला लावून पाहिली, आणि आवाज जमल्यावर स्वयंपाकघरात येऊन मला काढून दाखवला. त्यानंतर तो महिनाभर आमच्या घरी ऐकू येत होता. शाळेत ३१ मुलांनी एकदम सुरू केला तर मला दोष देऊ नये. भागवतांचीच ‘जाईची नवलकहाणी’ मिळाली तर तीही पाहा. ॲलिसची गोष्ट त्यांनी मराठी मुलीची करून टाकली आहे.

मुलींच्या हातात आवर्जून द्यावे असे अलीकडचे पुस्तक म्हणजे संगीता बर्वे यांचे ‘पियूची वही’. त्याला २०२२चा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. रोजनिशीच्या रूपात असल्यामुळे मजकूर लहान तुकड्यांत येतो आणि दमणाऱ्या वाचकाला मध्येच थांबता येते. मात्र मुलगेही ते वाचतात, हे मी माझ्या भाच्यावरून सांगते. त्याने ते आधी लपवून वाचले.

एका बाबतीत मात्र सावध करावेसे वाटते. आपण लहानपणी वाचलेली पुस्तके आठवणींच्या जोरावर घेतो. ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ मला अतिशय प्रिय आहे, दूरदर्शनवरील मालिकेमुळे तो आमच्या सगळ्या पिढीला ओळखीचा आहे. पण माझ्या मुलीला त्यातली घरे, नाती आणि बोलण्याची ढब दर पानावर समजावून द्यावी लागली. मी शेजारी बसले होते म्हणून ते पुस्तक पूर्ण झाले. एकट्या मुलाच्या हातात दिले असते तर चौथ्या पानाला ते मिटले असते, असे माझे मत आहे.

सुतळीवाला, साक्री

मीही प्राथमिक शिक्षक आहे आणि चिमट्यांची सुतळी माझ्या वर्गात चार वर्षांपासून आहे, म्हणून हे नाव घेतले. सर, तुम्ही भाषेचा प्रश्न विचारलात आणि वरच्या दोन्ही उत्तरांत तो राहून गेला, म्हणून मुख्यतः त्याबद्दल लिहितो.

पहिल्या वर्षी मी चांगली पुस्तके आणली आणि मुलांच्या हाती दिली. मुले वाचत होती, पण चेहरे कोरे होते. शब्द उच्चारले जात होते आणि गोष्ट पोहोचत नव्हती. मग मी एक दिवस पुस्तक बाजूला ठेवले आणि तीच गोष्ट अहिराणीत सांगितली. मध्येच थांबलो, तर मागच्या बाकावरून आवाज आला, ‘‘मंग काय जयं?’’ त्या क्षणी मला माझी चूक कळली. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. नवे पुस्तक आले की पहिल्या दिवशी ते अहिराणीत सांगायचे, तेही शेवट न सांगता. दुसऱ्या दिवशी तेच मराठीत मोठ्याने वाचायचे, चित्रे सगळ्यांना दाखवत. तिसऱ्या दिवशी पुस्तक सुतळीवर टांगायचे. शेवट हवा असेल तर वाचावे लागते. गोष्ट आधी ओळखीची झाली की अनोळखी शब्दाचा अर्थ मुले अंदाजाने लावतात. गोष्ट आणि शब्द दोन्ही अनोळखी असले की दोन्ही हातचे जातात.

पावरा मुलांसाठी मला स्वतःला पावरी येत नाही, म्हणून मी चौथीतल्या एका मुलीला ‘गोष्ट सांगणारी’ नेमले. ती माझ्याकडून मराठीत ऐकते आणि धाकट्यांना पावरीत सांगते. सांगताना ती गोष्ट बरीच बदलते. एका गोष्टीतला राजा तिच्या तोंडी गावचा पाटील झाला आणि राजवाड्याच्या जागी मोहाचे झाड आले. मी तिला टोकत नाही.

पुस्तके निवडताना ‘आपल्याकडचे काही आहे का’ हेही पाहावे. आपल्या खानदेशातले लेखक आबा महाजन यांच्या ‘आबाची गोष्ट’ या कथासंग्रहाला २०२०चा साहित्य अकादमी बालसाहित्य पुरस्कार मिळाला आहे. तो संग्रह तुमच्या कपाटात असायलाच हवा. दुसरे पुस्तक म्हणजे ‘तोत्तोचान’. ते काटेकोरपणे पाहिले तर कथा नव्हे, तेत्सुको कुरोयानागी यांच्या शाळेच्या आठवणी आहेत, त्यामुळे तुमच्या अटीत बसते की नाही हे माजी विद्यार्थ्यांना विचारा. चेतना सरदेशमुख गोसावी यांनी केलेला मराठी अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टने काढला आहे. तोक्योतली ती शाळा आगगाडीच्या जुन्या डब्यांत भरत असे. भुसावळच्या रस्त्याने गाड्या पाहिलेल्या आपल्या मुलांना हे एकदा वाचून दाखवा. माझ्या वर्गात त्यानंतर आठवडाभर ‘आपली शाळा कोणत्या डब्यात भरवायची, जनरलच्या की स्लीपरच्या’ हीच चर्चा चालू होती. मात्र हे पुस्तक मुलांच्या हाती न देता रोज एक प्रकरण तुम्ही वाचावे.

हॅरी पॉटरचे मराठी अनुवाद कोणी भेट देऊ करील, तर घ्या. पण या पैशांतून विकत घेऊ नका. त्या जाडीचे पुस्तक वाचणारे मूल तुमच्या वर्गात एखादेच असेल.

प्रतापची माजी विद्यार्थिनी

अमळनेरचे ग्रंथपालकाका आहेत आणि ‘श्यामची आई’चा उल्लेखही नाही, याचे मला नवल वाटले. साने गुरुजी १९२४ ते १९३० अशी सहा वर्षे अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. खानदेशातल्या शाळेच्या कपाटात त्यांचे पुस्तक नसेल तर ते कपाट कसले? माझ्या मते पहिली खरेदी तीच असावी.

जुना ग्रंथपाल, अमळनेर

ताई, उल्लेख मुद्दामच टाळला होता, कारण यावर माझे घरीही वाद होतात. गुरुजींविषयी माझ्या मनात जे आहे ते इथे लिहिण्याची गरज नाही. पण तिसरीच्या मुलाने ‘श्यामची आई’ स्वतः वाचावी असे मला वाटत नाही. पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले गेले, त्यातले कोकणातले घर, व्रते, सोवळे-ओवळे, कर्ज आणि जप्ती हे आठ वर्षांच्या मुलाला एकट्याने पेलणारे नाही. शिवाय मोठी माणसे हे पुस्तक देताना सोबत ‘यातून शिका’ असे म्हणतात, आणि मग तेही तात्पर्याच्या चौकटीत जाऊन बसते.

ते ऐकवावे मात्र जरूर. त्याची रचनाच ऐकण्याची आहे. श्याम आपल्या मित्रांना एकेक रात्र एकेक आठवण सांगतो, अशा ४२ रात्री. सर, तुम्ही एक प्रत घ्या, ती स्वतःच्या टेबलावर ठेवा आणि आठवड्याला एक रात्र वाचा. क्रमाने वाचण्याची सक्ती नाही. ‘पत्रावळ’, ‘मोरी गाय’, ‘अळणी भाजी’ आणि ‘श्यामचे पोहणे’ यांपासून सुरुवात करा. पत्रावळ लावता न येणारा श्याम आपल्या मुलांना लगेच कळतो, कारण लग्नाच्या पंगतीत पळसाच्या पत्रावळीवर जेवलेली मुले आपल्याकडे अजून आहेत. मी एकदा ‘अळणी भाजी’ वाचत होतो. आईकडून भाजीत मीठ घालायचे राहिले आहे आणि वडील न बोलता जेवत आहेत, इथपर्यंत आलो तेव्हा एक मुलगी हळूच म्हणाली, ‘‘मन्ही माय बी मीठ इसरी जास.’’ मी पुढे वाचू लागलो तर ती म्हणाली, ‘‘पन मन्हा बाप ताट फेकस.’’ वर्गात कोणी हसले नाही. मी पुस्तक थोडा वेळ खाली ठेवले.

ताईंना आणखी एक आठवण करून देतो. गुरुजी छात्रालयातल्या मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक स्वतःच्या हाताने लिहून काढत असत. सुतळीवाल्या सरांची ती पावरा मुलगी राजाचा पाटील करून सांगते, ती गोष्ट मोठ्या अक्षरांत लिहून, तिच्याकडूनच चित्रे काढून घेऊन सुतळीवर टांगली, तर तेही एक पुस्तकच होईल, आणि त्याला सहा हजारांतला एक रुपयाही लागणार नाही.

सुतळीवाला, साक्री

काका, हे आजवर मला सुचले नाही याची लाज वाटते. सोमवारीच करतो.

तापीकाठचा शिक्षक

सर्वांचे आभार. उशिरा लिहीत आहे, कारण खरेदी करून महिनाभर पाहिल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

जळगावला जाऊन दुकानात अर्धा दिवस बसलो आणि काकांच्या सांगण्याप्रमाणे प्रत्येक पुस्तक मधूनच उघडून वाचले. दुकानदार थोडा वैतागला. एकूण ५८ पुस्तके आली. ‘चित्रवाचन’च्या दोन प्रती, राधा आणि यश, नॅशनल बुक ट्रस्टची बरीच, बोक्याचे दोन भाग, फास्टर फेणेचे तीन, ‘पियूची वही’ आणि टेबलावर ठेवण्यासाठी ‘श्यामची आई’. ‘आबाची गोष्ट’ त्या दिवशी दुकानात नव्हती, ती मागवली आहे. ‘तोत्तोचान’बद्दल माजी विद्यार्थ्यांना विचारले, त्यांनी ते स्वतःच्या खिशातून वेगळे घेऊन दिले. धुळ्याच्या ताईंचा इशारा वाचूनही मी ‘गोट्या’ घेतलाच, आणि तो खरोखरच कोणी घेत नाही. तो मी घरी आणून स्वतः वाचतो आहे.

फजितीही झाली. सुतळी खिडकीजवळ बांधली होती, अवकाळी पाऊस तिरपा आला आणि चार पुस्तके भिजली. ‘चित्रवाचन’च्या एका प्रतीची दोन पाने निघाली आहेत, मुलींनी ती केळीच्या सोपाच्या धाग्याने शिवून आणली, तो धागा दोन दिवसांत तुटला, मग दाभण आणि सुतळी वापरली. अहिराणीत गोष्ट सांगण्याचा क्रम सुरू केला आहे. पहिल्या दिवशी मुलांना माझ्या तोंडून वर्गात अहिराणी ऐकून इतके हसू आले की गोष्ट राहूनच गेली. आता सवय झाली आहे. तात्पर्य विचारणारा मुलगा फास्टर फेणेचा दुसरा भाग वाचतो आहे आणि मला अजून काहीही विचारत नाही.

एक प्रश्न मात्र काल नवाच उभा राहिला. पावरा कुटुंबांतली दोन मुले दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीसाठी गुजरातेत चालली आहेत. त्यांतली तिसरीतली मुलगी ‘बाबांच्या मिश्या’ हातात धरून टेबलाशी उभी राहिली, काही बोलली नाही. नियमाप्रमाणे पुस्तक सात दिवसांसाठी देतो. मी नोंदवहीत तिचे नाव लिहिले, पुस्तकाचे नाव लिहिले आणि परत करण्याच्या तारखेच्या रकान्यात ‘होळीला’ असे लिहून वही तिच्यापुढे सहीसाठी सरकवली.